एकेक की एकत्र? अमेरिकी फुटबॉलमधील संघप्रवेशाचा वाद

सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडूंनी मैदानात कसे यावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. ध्वनिक्षेपकावरून एकेकाचे नाव पुकारले जावे आणि त्याने टाळ्यांच्या गजरात एकट्याने धावत यावे, की सगळ्या संघाने एकाच घोळक्याने मैदानात उतरावे? अमेरिकी फुटबॉलमध्ये मात्र या प्रश्नावर गेली दोन दशके चर्चा होत आली आहे. तिचे मूळ ३ फेब्रुवारी २००२ च्या एका सामन्यात आहे. त्या दिवशी न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने वैयक्तिक परिचय नाकारला आणि सारा संघ एकत्र मैदानात आला. पुढे क्रीडालेखनात एक विधान रुळले. ते असे, की सांघिक परिचयाची प्रथा पेट्रियट्सनी सुरू केली आणि त्याच एकजुटीच्या बळावर त्यांनी बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवले. या विधानाचे दोन्ही भाग फुटबॉलच्या जाणत्या चाहत्यांना मान्य नाहीत. त्यांचे आक्षेप कोणते, त्यांतले कोणते टिकतात आणि मूळ विधानात तथ्य किती, याचा हा परामर्श.

कोणता फुटबॉल, कोणती एनएफएल

गोव्यातील वाचकासाठी आधी शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा चेंडू डोळ्यांसमोर येतो, आणि ‘एनएफएल’ म्हटले की जुन्या चाहत्यांना १९९६ ते २००७ या काळात भारतात चाललेली नॅशनल फुटबॉल लीग आठवते. साळगावकर आणि धेंपो या गोमंतकीय संघांनी जिंकलेली ती हीच स्पर्धा. या लेखातली एनएफएल वेगळी आहे. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये लांबुळका चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा असतो, आणि तिच्या अंतिम सामन्याला ‘सुपर बोल’ म्हणतात.

या खेळाची एक रचना ध्यानात घेतल्याखेरीज परिचयाचा वाद समजत नाही. आपल्या परिचयाच्या फुटबॉलमध्ये अकरा खेळाडूच आक्रमणही करतात आणि बचावही. अमेरिकी फुटबॉलमध्ये मैदानात एका वेळी अकराच खेळाडू असले, तरी आक्रमणाची फळी वेगळी आणि बचावाची फळी वेगळी असते. चेंडूला लाथ मारून गुण मिळवणे, चेंडू दूर धाडणे, तो परत आणणे या कामांसाठी तिसरी, विशेष फळी असते. एनएफएल संघाची नोंदणीकृत खेळाडूसंख्या ५३ आहे. म्हणजे कोणत्याही एका फळीचा परिचय करून दिला, तरी संघातली ४२ माणसे त्या परिचयाबाहेर राहतात. वादाचे बीज या हिशेबातच आहे.

जुना प्रघात

एनएफएलच्या नेहमीच्या सामन्यांत यजमान संघ आपल्या सलामीच्या अकरा खेळाडूंची नावे पुकारून घेतो. कधी आक्रमक फळीची, कधी बचावफळीची. खेळाडू बोगद्यासारख्या मार्गातून एकेक करून बाहेर येतो. उद्घोषक त्याचे स्थान, महाविद्यालय आणि नाव सांगतो. सहकारी दोन्ही बाजूंना रांग धरून उभे असतात आणि तो त्यांच्या मधून हात लावत धावत जातो. महाविद्यालयाचे नाव घेण्यामागे कारण आहे. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू बहुधा विद्यापीठांच्या संघांतून येतात, आणि त्या संघांचे चाहते आपल्या माणसाला आयुष्यभर विसरत नाहीत.

सुपर बोल तटस्थ ठिकाणी होतो, म्हणून तेथे दोन्ही संघांच्या अकरा-अकरा खेळाडूंना हा मान मिळत असे. कोट्यवधी प्रेक्षकांपुढे स्वतःचे नाव पुकारले जाणे ही खेळाडूच्या आयुष्यातली मोठी घटना होती. बचावफळीतल्या किंवा रेटारेटीच्या जागी खेळणाऱ्या माणसाला एरवी नाव मिळत नाही. त्याच्या आईवडिलांना, शाळेला, गावाला ते नाव त्या एका क्षणी ऐकू येई. त्यामुळे वैयक्तिक परिचय म्हणजे निव्वळ मिरवणे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मिरवणे नव्हते असेही नाही. बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा रे लुईस बोगद्यातून बाहेर पडताना जे नृत्य करी, ते पाहण्यासाठी प्रेक्षक सामन्याच्या कितीतरी आधी आसनांवर येऊन बसत. बास्केटबॉलमध्ये शिकागो बुल्सनी हा प्रकार कळसाला नेला. सभागृहातले दिवे मालवायचे, ॲलन पार्सन्स प्रोजेक्टचे ‘सिरियस’ हे वाद्यसंगीत सुरू करायचे आणि काळोखात फिरणाऱ्या प्रकाशझोतात पाच खेळाडूंना एकेक करून बोलवायचे. शेवटी मायकेल जॉर्डन. १९९० च्या दशकात ही पद्धत जगभर अनुकरली गेली.

३ फेब्रुवारी २००२

न्यू ऑर्लिन्सच्या लुईझियाना सुपरडोममध्ये झालेला तो ३६वा सुपर बोल होता. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर एनएफएलने एका आठवड्याचे सामने पुढे ढकलले. त्यामुळे सारे वेळापत्रक सरकले आणि जानेवारीत ठरलेला अंतिम सामना फेब्रुवारीत गेला. सुपर बोल फेब्रुवारीत होण्याची ती पहिलीच वेळ. मैदानाभोवती अभूतपूर्व सुरक्षाव्यवस्था होती. मध्यंतराच्या कार्यक्रमात यू-टू या वाद्यवृंदाच्या मागे पडद्यावर हल्ल्यांतील मृतांची नावे सरकत होती.

एका बाजूला सेंट लुईस रॅम्स हा संघ होता. साखळीत १४ विजय आणि २ पराभव, क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर हा त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, सोबत धावण्यात आणि चेंडू झेलण्यात सारखाच तरबेज मार्शल फॉक. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी सुपर बोल जिंकला होता. सट्टेबाजांच्या अंदाजात ते १४ गुणांनी वरचढ होते.

दुसऱ्या बाजूला पेट्रियट्स, ११ विजय आणि ५ पराभव. यापूर्वी १९८६ आणि १९९७ मध्ये ते सुपर बोलपर्यंत पोहोचले होते आणि दोन्ही वेळा, याच सुपरडोममध्ये, हरले होते. मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात त्यांचा प्रस्थापित क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला टॉम ब्रेडी हा २००० च्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर घेतलेला तरुण. ब्लेडसो बरा झाला, तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच कायम ठेवले. पुढे उपांत्य टप्प्यात पिट्सबर्गविरुद्ध ब्रेडी जखमी झाला, तेव्हा ब्लेडसोने मैदानात येऊन सामना जिंकून दिला. अंतिम सामन्यात पुन्हा ब्रेडी. अशा संघात ‘प्रमुख खेळाडू कोण’ हा प्रश्न नाजूकच होता.

प्रथेप्रमाणे रॅम्सच्या खेळाडूंची एकेक करून ओळख झाली. मग पॅट समरॉल यांच्या भारदस्त आवाजात घोषणा झाली, की या संघाने सांघिक परिचय पसंत केला आहे. पाठोपाठ बोगद्यातून निळ्या गणवेशातला सबंध संघ एकमेकांना खेटून, उसळत बाहेर आला. कोण सलामीचा, कोण राखीव, कोण जायबंदी होऊन बरा झालेला, हे ओळखण्याचा मार्ग नव्हता. ‘पेट्रियट’ म्हणजे देशभक्त हे संघाचे नाव आणि हल्ल्यांनंतरचे राष्ट्रीय वातावरण यांच्या संगमामुळे त्या दृश्याला खेळापलीकडचा अर्थ चिकटला. विजयानंतर चषक स्वीकारताना संघमालक रॉबर्ट क्राफ्ट यांनीही, आज आपण सारे पेट्रियट आहोत, अशा आशयाचे उद्गार काढले.

सामना पेट्रियट्सनी २०–१७ असा जिंकला. शेवटच्या क्षणी ॲडम विनातिएरी याने ४८ यार्डांवरून मारलेला चेंडू खांबांच्या मधून गेला, तेव्हा घड्याळातला वेळ संपला होता. धक्कादायक निकाल आणि हेलावणारे दृश्य एकाच दिवशी घडले. दोन्हींची सांगड घातली जाणे मग अपरिहार्यच होते.

पहिला आक्षेप : ‘पहिले’ म्हणजे कोठे पहिले?

चाहत्यांचा मुख्य राग ‘पहिल्यांदाच’ या शब्दावर आहे. त्यांच्या म्हणण्याचे तीन पदर आहेत.

पहिला पदर एनएफएलमधलाच. नेहमीच्या सामन्यात वैयक्तिक परिचयाचा मान सामान्यतः यजमानांना मिळतो. पाहुणा संघ नावे न पुकारता एकत्रच धावत येतो. म्हणजे वर्षानुवर्षे, दर आठवड्याला, दर सामन्यात एक संघ सांघिक प्रवेश करीतच होता. फरक इतकाच, की त्याला कोणी ‘एकजूट’ म्हणत नव्हते. तो पाहुण्याच्या वाट्याला आलेला कोरडा शिष्टाचार समजला जाई.

दुसरा पदर विद्यापीठीय फुटबॉलचा, आणि हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ एकत्र प्रवेश करतात आणि ही परंपरा एनएफएलच्या झगमगाटाहून जुनी आहे. दक्षिण कॅरोलायनातील क्लेम्सन विद्यापीठाचे मैदान १९४२ मध्ये खुले झाले. खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या जागेवरून मैदानात येण्याचा सोपा मार्ग टेकडीच्या उतारावरून होता, म्हणून संघ तो उतार धावत उतरू लागला. आज सोय राहिली नाही, पण प्रथा राहिली. त्या टेकडीच्या माथ्यावरील शिळेला हात लावून सबंध संघ खाली धावतो आणि प्रेक्षागृह उसळते. टेनेसी विद्यापीठाचा संघ १९६५ पासून वाद्यवृंदाने मैदानावर रचलेल्या ‘टी’ अक्षराच्या मधून धावत येतो. व्हर्जिनिया टेकचे खेळाडू २००० सालापासून मेटालिकाच्या ‘एंटर सँडमन’च्या सुरांवर एकत्र येतात, आणि हजारो प्रेक्षक तालावर उड्या मारू लागतात. पेट्रियट्समधला जवळपास प्रत्येक खेळाडू अशाच एखाद्या विद्यापीठीय संघातून आलेला होता. सांघिक प्रवेश त्यांच्यासाठी नवा शोध नव्हता. ज्या वयात खेळाची गोडी लागली, त्या वयातली ती सवय होती.

तिसरा पदर दुसऱ्या फुटबॉलचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा. तेथे दोन्ही संघ पंचांच्या मागोमाग समांतर रांगांत मैदानात येतात. या पद्धतीलाही स्वतःची जन्मकथा आहे आणि ती १९३० सालची आहे. वेम्ब्लीवरील एफए चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनल आणि हडर्सफील्ड टाउन समोरासमोर होते. आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी पूर्वी हडर्सफील्डलाही दोन वेळा लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. त्यांच्या सन्मानार्थ त्या दिवशी दोन्ही संघ शेजारी-शेजारी चालत मैदानात उतरले. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात असे घडण्याची ती पहिली वेळ. आर्सेनलने २–० असा विजय मिळवला. एका माणसाच्या गौरवासाठी केलेली गोष्ट पुढे त्या सामन्याचा शिष्टाचार बनली. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर दोन संघांना बरोबरीने चालत येताना पाहणाऱ्याला ते दृश्य अगदी स्वाभाविक वाटते, पण कोणतीही प्रथा स्वाभाविक म्हणून जन्मत नाही. तिला कोठेतरी कारण घडलेले असते.

या तिन्ही पदरांमुळे ‘सांघिक प्रवेश पेट्रियट्सनी सुरू केला’ हे विधान टिकत नाही. पण म्हणून त्यात काहीच तथ्य नाही, असेही ठरत नाही. सुपर बोलसारख्या प्रसंगी, नाव पुकारून घेण्याचा मान समोर असताना, तो आपणहून सोडणे ही पेट्रियट्सची कृती होती. पाहुणा संघ एकत्र येतो, कारण त्याला दुसरा पर्याय दिला जात नाही. विद्यापीठाचा संघ एकत्र येतो, कारण तशी परंपरा आहे. पेट्रियट्सपुढे पर्यायही होता आणि परंपराही उलट होती. वेगळेपण प्रवेशात नव्हते, नकारात होते. क्रीडालेखकांच्या विधानात हा एक शब्द बदलला, तर चाहत्यांचा निम्मा राग मावळेल.

दुसरा आक्षेप : एकत्र आले म्हणून जिंकले का?

विधानाचा दुसरा भाग अधिक आकर्षक आहे आणि अधिक कच्चाही. एकजुटीने प्रवेश केला, म्हणून एकजुटीने खेळले, म्हणून जिंकले. या साखळीची पहिली कसोटी आदल्याच वर्षाची. २००१ च्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी न्यूयॉर्क जायंट्सला ३४–७ असे लोळवले, आणि तो काळ वैयक्तिक परिचयाचाच होता. रे लुईसच्या नृत्याने रेव्हन्सची बचावफळी तसूभरही सैल पडली नाही. ती त्या खेळाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम बचावफळ्यांत गणली जाते. शिकागो बुल्सनी प्रकाशझोतात एकेक करून येत १९९० च्या दशकात सहा विजेतेपदे मिळवली.

दुसरी कसोटी पेट्रियट्सचीच. बेलिचिक आणि ब्रेडी यांच्या कारकिर्दीत हा संघ नऊ सुपर बोल खेळला. सहा जिंकला, तीन हरला. त्यांतला सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव ३ फेब्रुवारी २००८ चा, म्हणजे त्या गाजलेल्या रात्रीनंतर बरोबर सहा वर्षांनी. मोसमातले सलग १८ सामने जिंकून आलेल्या पेट्रियट्सना न्यूयॉर्क जायंट्सने १७–१४ असे हरवले. तोवर सांघिक प्रवेश ही सुपर बोलची रूढ पद्धत झाली होती. दोन्ही संघ एकत्र प्रवेश करीत असतील, तर दोघांतला एक हरणारच. मग प्रवेशाच्या पद्धतीला निकालाचे श्रेय कसे देणार, हा चाहत्यांचा प्रश्न बिनतोड आहे.

तिसरी कसोटी प्रत्यक्ष सामन्याची. २००२ च्या त्या लढतीत रॅम्सनी एकूण ४२७ यार्डांची मजल मारली, पेट्रियट्सनी २६७. आकड्यांत रॅम्स कितीतरी पुढे होते. पण रॅम्सनी तीन वेळा चेंडू गमावला, पेट्रियट्सनी एकदाही नाही. पेट्रियट्सच्या २० गुणांपैकी १७ गुण या तीन चुकांतून आले. त्यांतले पहिले सहा टाय लॉ याने वॉर्नरचा फेकलेला चेंडू मध्येच पकडून ४७ यार्ड धावत जाऊन मिळवले. या चुका आपोआप झाल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये साखळीतल्या सामन्यात रॅम्सनी पेट्रियट्सना २४–१७ असे हरवले होते. त्या पराभवातून बेलिचिक यांनी धडा घेतला. क्वार्टरबॅकच्या मागे धावण्याऐवजी मार्शल फॉक जेथे जाईल तेथे त्याला गाठायचे, चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, धक्का द्यायचा, आणि रॅम्सच्या झेल घेणाऱ्यांची लय बिघडवायची. विजयाचे कारण शोधायचे, तर ते बोगद्याच्या तोंडाशी नव्हे, या आखणीत आणि अंमलबजावणीत शोधावे लागते.

तरीही सांघिक प्रवेश आणि ही आखणी यांच्यात नाते नाहीच, असे म्हणणे धाडसाचे होईल. स्वतःच्या नावाची घोषणा सोडून द्यायला तयार असलेला संघ, चेंडू नसतानाही सामनाभर एकाच माणसाला धडका देण्याचे अनाकर्षक काम करायलाही तयार असतो, असा तर्क करता येतो. पण मग प्रवेश हे विजयाचे कारण ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावाच्या खुणा ठरतात. क्रीडालेखनात खूण आणि कारण यांची गल्लत वारंवार होते.

जो परिचयात कधीच नसता

या वादात क्वचितच पुढे येणारा एक मुद्दा मात्र सांघिक परिचयाच्या बाजूने फार बोलका आहे. सामना जिंकून देणारा विनातिएरी किकर होता. किकर आक्रमक फळीत मोडत नाही आणि बचावफळीतही नाही. जुन्या प्रथेप्रमाणे पेट्रियट्सनी कोणतीही फळी निवडली असती, तरी विनातिएरीचे नाव पुकारले गेले नसते. पिट्सबर्गविरुद्ध सामना वाचवणारा ब्लेडसोही परिचयाबाहेर राहिला असता, कारण तो आता राखीव होता. म्हणजे संघाला अंतिम सामन्यापर्यंत आणणाऱ्यांतला एक आणि अंतिम सामना जिंकून देणारा, दोघेही त्या अकरांत बसत नव्हते.

योगायोग असा, की त्या रात्री सांघिक परिचयाची घोषणा करणारे समरॉल स्वतः तरुणपणी किकर होते. डिसेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळताना त्यांनी पडत्या बर्फात ४९ यार्डांवरून मारलेल्या चेंडूने क्लीव्हलंडविरुद्धचा निर्णायक सामना जिंकला होता. नाव न पुकारल्या जाणाऱ्या जागेवरून सामना जिंकता येतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

एकेकाला नाव मिळते तेव्हा इतरांना ते मिळत नाही. सगळे एकत्र येतात तेव्हा कोणालाच मिळत नाही, पण वगळलेही कोणी जात नाही. दोन्ही पद्धतींची किंमत वेगवेगळ्या माणसांना मोजावी लागते. सुपर बोलमध्ये एकदाच खेळायला मिळालेल्या सलामीच्या खेळाडूच्या दृष्टीने सांघिक प्रवेश म्हणजे आयुष्यातली एकमेव घोषणा गमावणे. राखीव खेळाडूच्या दृष्टीने तोच प्रवेश म्हणजे बरोबरीचा मान.

प्रथा झाल्यावर

पेट्रियट्सच्या नकाराचे पुढे रूढीत रूपांतर झाले. नंतरच्या सुपर बोलमध्ये संघांनी एकत्र धावत येणे हाच सर्वमान्य प्रकार बनला. पण रूढी झाली की तिचा मूळ अर्थ पातळ होतो. नाकारण्यासारखे काही उरलेच नाही, तर एकत्र येण्याला त्यागाचे मोल राहत नाही. २००२ मध्ये जे विधान होते, ते काही वर्षांत कार्यक्रमपत्रिकेतले एक कलम झाले.

या रूढीलाही मोकळे दार असू शकते, याचे देखणे उदाहरण ५ फेब्रुवारी २००६ चे आहे. ४०वा सुपर बोल डेट्रॉइटला होता. पिट्सबर्ग स्टीलर्सचा जेरोम बेटिस याच शहरात लहानाचा मोठा झालेला, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा. संघ एकत्र धावत जाणार होता. बोगद्याच्या तोंडाशी सहकारी जोई पोर्टर याने बाकीच्यांना थोपवून धरले आणि बेटिसला एकट्यालाच पुढे जाऊ दिले. आपल्या गावच्या मैदानात तो एकटा धावत आला, आणि मग मागून संघ आला. स्टीलर्सनी सिएटल सीहॉक्सवर २१–१० असा विजय मिळवला आणि बेटिसने चषक हातात घेऊन निवृत्ती जाहीर केली. तेथे एकट्याला पुढे करण्याचा निर्णय संघाचाच होता. वैयक्तिक आणि सांघिक परिचय एकमेकांचे शत्रू नाहीत, हे यातून दिसते.

वादाचा निष्कर्ष

आता मूळ विधानाचे तुकडे करून पाहिले, तर प्रत्येकाचा निवाडा वेगळा येतो. २००२ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी वैयक्तिक परिचय नाकारून एकत्र प्रवेश केला, हे निर्विवाद. त्यानंतर सुपर बोलमध्ये ती पद्धत रुळली, हेही खरे. एकत्र प्रवेश करणारा तो पहिला संघ होता, हे चूक. विद्यापीठीय मैदाने, एनएफएलमधले पाहुणे संघ आणि दुसऱ्या फुटबॉलचा सारा व्यवहार त्याविरुद्ध साक्ष देतो. आणि त्या प्रवेशामुळे ते जिंकले, हे सिद्ध न होणारे विधान आहे. त्याच्या उलट उदाहरणे भरपूर आहेत, त्यांत खुद्द पेट्रियट्सचीही.

चाहते अशा बारकाव्यांवर इतके का अडून बसतात, असे कोणी विचारील. खेळाचा इतिहास बहुधा सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतातून लिहिला जातो. तेथे घाईत पडलेला ‘पहिल्यांदाच’ हा शब्द पुढच्या लेखात उद्धृत होतो, त्यापुढच्या पुस्तकात तथ्य म्हणून येतो आणि वीस वर्षांनी त्याला विरोध करणारा माणूस चक्रम ठरतो. ज्याने स्वतः क्लेम्सनची टेकडी पाहिली आहे, त्याला हे सहन होत नाही. मैदानावरच्या आठवणींची राखण करणारा पहारेकरी म्हणून चाहत्याकडे पाहिले, तर त्याचा हट्ट समजू शकतो.

गोमंतकीय फुटबॉलशी संबंधित लिखाणालाही हा निकष लागू आहे. गावोगावच्या मैदानांवर, चर्चच्या फेस्तानिमित्त होणाऱ्या स्पर्धांपासून मोठ्या लीगपर्यंत, ‘पहिला गोमंतकीय’, ‘पहिला क्लब’, ‘पहिला सामना’ अशी विशेषणे सढळ हाताने वापरली जातात. प्रत्येक वेळी कोणत्या स्पर्धेत, कोणत्या साली आणि कोणत्या गटात पहिला, हे तीन प्रश्न विचारले, तर काही मथळे आखूड होतील. पण जे उरेल, त्यावर वाद घालण्याची पाळी पुढच्या पिढीवर येणार नाही.